पासष्ट मिलिमीटरची रेघ

सप्टेंबरअखेर शेतात सोयाबीन पाण्यात उभे असते, तेव्हा मराठवाड्यातल्या गावागावांत एकच आकडा तोंडी असतो : पासष्ट. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरली जाते, आणि पंचनामा, ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान, मदतीची यादी ही सगळी चक्रे त्यानंतर फिरू लागतात. हा पाऊस मोजण्यासाठी ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. तरीही गावात हा आकडा पोचतो तो ऐकीव. कुणी तलाठ्याकडून ऐकलेले असते, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आलेला असतो. त्याच घरात नववी-दहावीतली मुलगी असते. तिला आयतालेख काढता येतो, बहुलक काढता येतो, परीक्षेत त्याचे गुणही मिळतात. पण आपल्या मंडळात या पावसाळ्यात किती दिवस पाऊस पासष्टच्या रेघेवर गेला, किती दिवस रेघेच्या जरा खाली राहिला, शेजारच्या मंडळात काय झाले, हे स्वतः काढून वडिलांना दाखवता येईल असे तिला कुणी शिकवलेले नसते. ते शिकवायला हवे, प्रत्येक माध्यमिक शाळेत शिकवायला हवे, आणि संगणकाच्या तासाला खेळ म्हणून नव्हे तर गणित आणि भूगोलाच्या मुख्य तासाला शिकवायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांत सांख्यिकी नाही असे नाही. जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख, शतमान स्तंभालेख, वृत्तालेख, वारंवारता बहुभुज असे सगळे प्रकार मुले शालान्त परीक्षेपर्यंत शिकतात. अडचण अशी की या गणितांतला तक्ता नेहमी धुतलेला, वाळवलेला, घडी घातलेला येतो. एका वर्गातील विद्यार्थ्यांची वजने, एका दुकानातील आठवड्याची विक्री. ती वजने कुणी घेतली, काटा बरोबर होता का, गैरहजर मुलांचे काय केले, हे प्रश्न त्या गणितात उद्भवतच नाहीत, कारण ती मुले आणि ते दुकान कुठेच नसते. कोनमापक लावून वृत्तालेख बिनचूक काढणारा विद्यार्थी पुढे मोबाइलवर आलेला निवडणुकीचा, महागाईचा किंवा गुन्हेगारीचा आलेख निमूट खरा मानतो, याचे कारण इथे आहे. आलेख करताना कुणीतरी काही निवडते आणि काही गाळते, हे त्याला माहीतच नसते. ते वाचून कळणारेही नाही. पोळी गोल लाटणे अवघड आहे हे पाहून कळत नाही, तसेच. एकदा स्वतः निवडावे लागले, गाळावे लागले, की दुसऱ्याच्या आलेखातली निवड आपोआप दिसू लागते.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा एक तक्ता हातात घेऊन बघू. जनगणनेतले शून्य ते सहा वयोगटातले दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण, महाराष्ट्राचे जिल्हे, २००१ आणि २०११. दोन रकाने, पस्तीस ओळी. वर्गाला सांगितले की दोन्ही वर्षे जोडून आलेख करा, तर पहिला अर्धा तास आलेखाजवळ कुणी जाणारच नाही. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात बीडचे स्पेलिंग ‘बिड’ असे वाचले जाईल असे आहे आणि आपला रायगड तिथे छत्तीसगडमधल्या रायगढच्या स्पेलिंगने बसला आहे. देशाच्या नकाशाशी जोडायला गेले तर कोकणातला आकडा छत्तीसगडात जाऊन पडेल. नंतर उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुना तक्ता नव्या नकाशाशी जुळवायचा तर प्रत्येक नावाची जोडी हाताने लावावी लागते. पालघर तर सापडतच नाही, कारण तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. मग पालघरच्या मुलांनी काय करायचे? त्यांच्या आठ तालुक्यांचे २०११ चे आकडे मिळतात. पहिली सूचना हमखास अशी येईल की आठ गुणोत्तरांची बेरीज करून आठने भागू. इथे शिक्षकाने क्षणभर गप्प बसावे. वसईची लोकसंख्या तेरा लाखांवर, मोखाड्याची लाखाच्याही आत. दोघांना सारखे वजन कसे द्यायचे? आठही तालुक्यांतल्या मुली एकत्र मोजाव्या लागतात, मुलगे एकत्र मोजावे लागतात आणि मग भागाकार करावा लागतो. भारित सरासरी या शब्दाला घाबरणाऱ्या मुलांनाही ही गोष्ट अशी शिकवली तर कळते, कारण मोखाडा त्यांच्या ओळखीचा असतो.

मग दुसरा पेच येतो. काही मुलांनी राज्याचे २०११ चे प्रमाण ८८३ असे शोधून आणलेले असेल, काहींनी ८९४. दोन्ही आकडे जनगणनेचेच. पहिला हंगामी, २०११ मध्येच जाहीर झालेला, दुसरा अंतिम. बीडचाही हंगामी आकडा ८०१ होता, अंतिम ८०७ झाला. आजही लेखांत, भाषणांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत दोन्ही फिरत असतात, आणि कुठला कुठून आला हे सांगण्याची तसदी बहुधा कुणी घेत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना एवढे एक कळले की सरकारी आकड्यालाही तारीख असते, आवृत्ती असते, तो सुधारला जातो आणि सुधारणे म्हणजे लबाडी नव्हे, तरी त्या दिवसाचा तास सार्थकी लागला म्हणायचा.

आता आलेख. स्तंभ शून्यापासून उभे केले तर राज्याचा ८९४ चा आणि बीडचा ८०७ चा स्तंभ यांत एक-दशांशाचा फरक. नजर त्यावरून सहज घसरते. अक्ष आठशेपासून सुरू केला तर बीडचा स्तंभ जमिनीला टेकलेला आणि राज्याचा त्याच्या तेरापट उंच. आकडे तेच, चित्रे दोन, आणि दोन्ही चित्रे फसवू शकतात. स्तंभाऐवजी रेघा घेतल्या, डावीकडे २००१ आणि उजवीकडे २०११, तर अचानक काही तरी दिसू लागते. बीडची रेघ ८९४ वरून ८०७ वर कोसळते. कोल्हापूरची ८३९ वरून ८६३ वर चढते. राज्याची ९१३ वरून ८९४ वर उतरते, म्हणजे २००१ मध्ये बीड ज्या जागी होते तिथे दहा वर्षांनी सगळे राज्य येऊन पोचले. हे वाक्य कुठल्याही अहवालात शोधायची गरज नाही. रेघा ओढल्या की समोर येते, आणि ज्याने ओढल्या त्याला ते जन्मभर लक्षात राहते. प्रसूतिपूर्व लिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य होते, १९८८ साली, हे मुलांनी पाठ केलेले असते. कायदा झाल्यावर दोन दशकांनी रेघ अशी का गेली, हा प्रश्न विचारायला मात्र समोर रेघ असावी लागते.

इथेच आलेख परस्परसंवादी असण्याचे महत्त्व येते. शब्द जड आहे. मी त्याला बोलता आलेख म्हणेन. कागदावरचा आलेख करणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. बोलत्या आलेखात बघणाऱ्याला स्वतःचा प्रश्न विचारता येतो : जिल्हा निवडावा, त्याची रेघ ठळक व्हावी, बाकीच्या फिक्या पडाव्यात, रेघेवर बोट ठेवले की आकडा आणि त्याचा स्रोत दिसावा, हंगामी-अंतिम अशी कळ असावी. कोल्हापूरचा माणूस आधी कोल्हापूर शोधणार, साताऱ्याचा सातारा, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पावसाच्या उदाहरणात तर याला पर्यायच नाही. दोन हजारांवर मंडळे, पावसाळ्याचे सव्वाशे दिवस. हा अडीच लाख आकड्यांचा ऐवज एका कागदावर मावणार कसा? आपले मंडळ निवडायचे, दिवसांचे ठिपके बघायचे, पासष्टची आडवी रेघ खालीवर सरकवून बघायची. ती पन्नासवर आणली तर किती दिवस वाढतात? हवामान विभाग जोरदार पावसाची सुरुवात ६४.५ पासून मोजतो, मग शेतीच्या मदतीसाठी त्याच्याच आसपासचा आकडा का? रेघ सरकवता आली की नियम हा कुणीतरी ठरवलेला आहे, निसर्गाने दिलेला नाही, हे हाताला कळते. आणि बघणारा कुठे कुठे बोट लावील याचा विचार आलेख करणाऱ्या विद्यार्थ्याला आधीच करावा लागतो. दुसऱ्याचा प्रश्न आपल्याआधी मनात आणून ठेवणे, ही निबंधलेखनालाही न साधणारी शिस्त आहे.

आपल्या परंपरेला यात परके काही नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. दादाभाई नौरोजींनी सरकारच्याच आकड्यांवरून हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. गोपाळ कृष्ण गोखले तर गणिताचे शिक्षक. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालले. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण करताना त्यांनी सरकारच्या शिलकीच्या आकड्यांतूनच दाखवून दिले की दुष्काळाने गांजलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जात आहे, आणि मिठावरचा कर कमी करा असा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी तो कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. श्रेय एकट्या भाषणाचे म्हणता येणार नाही. परंतु सरकारच्या तक्त्यातला आकडा सरकारपुढे ठेवायचा आणि त्याच्याच अर्थाबद्दल वाद घालायचा, ही रीत महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी एका अंकगणिताच्या मास्तराने उभी केली. शाळेत गोखल्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि आकडे मात्र पाठीमागच्या उत्तरांशी ताडून सोडून दिले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विद्यार्थी हे करू शकतात का, याचेही दाखले आहेत. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे सुमारे साठ रंगीत आलेख मांडले. ते हातांनी रंगवले होते अटलांटा विद्यापीठातल्या त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी. जमीन, शिक्षण, धंदे, मालमत्ता यांचे आकडे बरेचसे सरकारी नोंदींतलेच होते. गुलामगिरी संपून पस्तीस वर्षेच झालेल्या समाजातली ती मुले स्वतःच्या समाजाचा हिशेब जगापुढे ठेवत होती. आजच्या काळातले उदाहरण इटलीचे आहे. तिथे २०१३ पासून ‘ओपनकोएसिओने’ या सरकारी खुल्या आकडेवारीवर आधारित एक शालेय उपक्रम चालतो. माध्यमिक शाळेचा वर्ग आपल्या भागातले सार्वजनिक पैशातून चाललेले एखादे काम निवडतो, त्याचा निधी आणि प्रगती यांची आकडेवारी तपासतो, जागेवर जाऊन बघतो, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतो आणि जे सापडले ते आलेखांसह लोकांपुढे मांडतो. आपल्याकडचा एखादा साठवण तलाव, एखादी पाणीपुरवठा योजना डोळ्यांपुढे आणली की हा उपक्रम इथे काय करू शकेल ते सांगायला नको.

पहिला आक्षेप लगेच येतो : संगणक कुठे आहेत, वीज कुठे आहे? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण या शिक्षणाचा अर्ध्याहून अधिक भाग कागदावर होतो. नावे जुळवणे, पालघरचा भागाकार, अक्ष कुठून सुरू करायचा याचा वाद, यांतल्या कशालाच वीज लागत नाही. बोलता आलेखसुद्धा आधी कागदावर करून बघता येतो : खाली २००१ चा नकाशा, वर ट्रेसिंग पेपरवर २०११ चा, पुठ्ठ्यावर ठिपके आणि पासष्टच्या रेघेऐवजी ताणलेला सुतळीचा तुकडा, वरखाली सरकणारा. मग आठवड्यातून जो एक तास संगणकाचा मिळतो तो मांडणीला. ‘कोडॅप’सारखे शाळांसाठीच बनवलेले साधन ब्राउझरमध्ये फुकट चालते, ‘डेटारॅपर’ आणि ‘फ्लरिश’ यांच्या फुकट आवृत्त्या आहेत. प्रोग्रॅमिंग यायलाच हवे असे मुळीच नाही. ज्याला गोडी लागेल तो पुढे पायथन शिकेल. उलट बाजूने विचार केला तर ज्या शाळेत संगणक धूळ खात पडले आहेत तिथे ते चालू करण्यासाठी एवढे चांगले कारण दुसरे मिळणार नाही.

अभ्यासक्रमात आधीच जागा नाही, शिक्षकांवर आधीच कामांचा ढीग आहे, ही तक्रार मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटते. शिक्षकांना आणखी एक ऑनलाइन नोंद भरायला लावून हे होणार नाही, आणि नवा विषय काढून तर नाहीच नाही. जागा आहे ती वापरावी. दहावीच्या गणिताला वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन आहे. बऱ्याच ठिकाणी ते वही तपासून उरकले जाते. ‘जलसुरक्षा’ हा श्रेणीचा विषय नववी-दहावीला गेल्या काही वर्षांत आला आहे आणि त्याला खऱ्या आकड्यांची भूक आहे. गणिताच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांनी मिळून वर्षातून एकच प्रकल्प करावा, एकच तक्ता, पण तो शेवटपर्यंत न्यावा. शंभर आलेख वरवर काढण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचे. शिक्षकालाही उत्तर आधी माहीत नसते, हे काहींना अवघड वाटेल. त्यांना प्रशिक्षण द्यावे लागेल, तेही भाषणांचे नव्हे, स्वतः तक्ता साफ करण्याचे.

आजकाल आणखी एक प्रश्न विचारला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणात देखणा आलेख करून देते, मग मुलांनी कशाला शिणावे? माझ्या मते या साधनांमुळे गरज वाढली आहे. आलेख काढणे स्वस्त झाले की वाईट आलेखही स्वस्त होतात आणि ते चांगल्यांइतकेच देखणे दिसतात. यंत्र ८८३ घेईल की ८९४, कोकणातला रायगड कुठे ठेवील, पालघर गाळील की आठने भागील, हे तपासायला जाणता माणूस लागतो. मुलांनी ही साधने जरूर वापरावीत. पण तक्त्याशी एकदा हातघाई झाल्यावर.

शेवटचा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. बीडच्या मुलींनी आपल्या जिल्ह्याचा ८०७ हा आकडा स्वतःच्या हाताने रंगवायचा का? एखाद्या तालुक्याचा, समाजाचा बोभाटा होईल, अर्धवट समजुतीतून मुले भलते निष्कर्ष काढतील, ही भीती निराधार नाही. म्हणून माणसे ओळखू येतील अशी माहिती शाळेने हाताळूच नये, आणि प्रत्येक आलेखाखाली स्रोत, तारीख आणि ‘यातून काय सांगता येत नाही’ अशी एक ओळ सक्तीची असावी. त्यापुढे जाऊन मी म्हणेन की तो आकडा त्या मुलींपासून लपवण्यात कसलाच सन्मान नाही. त्यांच्या वर्गातल्या रिकाम्या बाकांचा तो हिशेब आहे, आणि तो मांडण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. आकडाच चुकीचा असेल तर? तेही मुलांनाच सापडू द्यावे. एका मंडळात कितीतरी गावे आणि पर्जन्यमापक बहुतेक ठिकाणी एक. डोंगराच्या अलीकडे ढग फुटतो, पलीकडे ऊन असते. शाळेच्या गच्चीवर भूगोलाच्या तासाचा साधा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला मुलांनी नोंद घेतली आणि ती मंडळाच्या आकड्याशेजारी ठिपक्यांत मांडली, तर दोन ठिपक्यांतले अंतर हाच त्या गावाचा सर्वांत सबळ अर्ज होईल. अविश्वास ‘सगळे आकडे खोटेच’ असे म्हणून मोकळा होतो. ही मुले कुठल्या दिवशी, किती मिलिमीटरने, कुठल्या बाजूला चूक झाली ते सांगू शकतील.

सरकारचेही यात एक देणे आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम कुणी न मागता माहिती प्रसिद्ध करायला सांगते. खुल्या आकडेवारीचे राष्ट्रीय धोरण २०१२ चे आहे. प्रत्यक्षात आकडे स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये येतात, जुन्या मराठी फाँटमधला तक्ता कॉपी केला की अगम्य खुणा उमटतात, आणि एका विभागाचे मंडळाचे नाव दुसऱ्या विभागाच्या नावाशी जुळत नाही. स्प्रेडशीटमध्ये उघडेल अशी फाइल, प्रत्येक गावाला आणि मंडळाला कायमचा सांकेतिक क्रमांक, रकान्यांचा अर्थ सांगणारे मराठी टिपण, एवढे तीन गोष्टींचे काम आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. शाळांकडून मागणी येऊ लागली तर ते होण्याची शक्यता वाढेल, कारण सध्या हे आकडे मागणारेच थोडे आहेत.

जनगणनेचा संदर्भदिन आता १ मार्च २०२७ ठरला आहे. सोळा वर्षांनी नवे तक्ते येतील, आधी हंगामी आणि मग अंतिम. आज सहावी-सातवीत असलेली मुले त्या सुमारास आयतालेख शिकत असतील. त्या तक्त्यात पालघरची ओळ पहिल्यांदाच स्वतंत्र असेल, धाराशिव नव्या नावाने असेल, आणि बीडच्या ८९४ आणि ८०७ या आकड्यांपुढे तिसरा आकडा असेल.